रंगराव वस्तादांची फायनल

हट्टी माणसं मी पुष्कळ पाहिली. माझे सासरे हट्टी होते, आमची म्हैस हट्टी होती. पण माझ्या बापापुढं दोघंही पाणी भरतील. किवळ्याची तालीम त्यांची. रंगराव वस्ताद म्हटलं की देहूरोडपासून चिखलीपर्यंत लोक कानाला हात लावायचे. मोडलेले कान, मांडीएवढी मान आणि स्वभाव असा की नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. आई लवकर गेली. मला आणि माझ्या पाठच्या भावाला, ज्योतीरामला, आबांनीच वाढवलं. वाढवलं म्हणजे काय, मला चुलीपुढं बसवलं आणि त्याला तालमीच्या लाल मातीत उतरवलं.

आबांच्या तालमीचे कायदे सरकारी कायद्याहून कडक. पैलवान जिंकला तर वस्तादानं तिथंच पाठ थोपटून शाब्बास म्हणायचं. पडला तर आखाड्यात उतरून हात द्यायचा. कुस्ती बरोबरीत सुटली, म्हणजे फार वेळ झाला, कोणीच पडेना आणि पंचांनी दोघांचे हात एकमेकांच्या हातात देऊन जोड सोडवली, तर वस्तादानं गुमान उठून घरी यायचं. पैलवानानं मागनं यायचं, उंबऱ्यात पायावर डोकं ठेवायचं, मग काय बोलायचं ते घरात. आणि पैलवानानं खोटेपणा केला, बोट पिरगाळलं, डोळ्यात माती टाकली, तर वस्ताद कुस्ती चालू असतानाच उठून जाणार. त्या पैलवानानं पुन्हा तालमीची पायरी चढायची नाही. असा एक जण गेलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला. आबांचा सख्खा चुलतभाऊ होता तो.

ज्योतीरामला मात्र शाब्बास कधी मिळालं नाही. जत्रेत दोनचार कुस्त्या त्यानं मारल्या, पण आबा म्हणायचे, "पाय चुकला तुजा. समोरचा येडा व्हता म्हणून पडला." पोरगं चुलीपाशी येऊन माझ्याजवळ बसायचं आणि भाकरीचे तुकडे मोडत राहायचं, खायचं नाही. मला आबांचा असा संताप यायचा! परक्यांच्या पोरांच्या पाठी थोपटून हात दुखायचे यांचे, आणि घरच्या पोराच्या वेळी नेमका लकवा भरायचा.

देहूरोडला लष्कराचा डेपो होता. आमच्या बांधापलीकडं त्यांचं तारेचं कुंपण आणि आत मैदान. मद्रासी, गुरखे, बंगाली, सगळ्या मुलखांचे शिपाई तिथं संध्याकाळी फुटबॉल खेळायचे. ज्योतीराम आधी तारेबाहेर उभा राहायचा, मग तारेखालून आत जायला लागला, मग त्यांच्यातलाच झाला. आबांना कळलं तेव्हा घर डोक्यावर घेतलं त्यांनी. "लाथ गाढव मारतंय! मानसाला हात कशापायी दिल्यात देवानं?" आमचं ध्यान म्हणतं कसं, "आबा, गोलकीपरला हात वापरत्यात की." झालं! आबा चुलीतलं लाकूड घेऊन मागं लागले.

पण पोरगं थांबलं नाही. हट्ट बापाचाच, जाणार कुठं? डेपोच्या टीममधून मुंबईच्या एका क्लबात गेला, आणि तिथून कलकत्त्याच्या एका मोठ्या क्लबानं त्याला उचलला. निघताना तो उंबऱ्यात वाकला, तर आबांनी पाय मागं घेतले. मी समोर उभी होते. त्या दिवशी मी रागारागानं आमटीत मीठच घातलं नाही. आबांनी ती अळणी आमटी चकार शब्द न काढता ओरपली, म्हणजे त्यांच्याही काळजाला लागलं होतं. पण बोलतील तर शपथ.

पुढं माझं लग्न झालं. मालक मोशीचे, उद्धवराव. पिंपरीत औषधाचा कारखाना नुकताच सुरू झाला होता, त्यात ते लागले आणि आम्ही चिंचवड स्टेशनाजवळ खोली घेतली. ज्योतीराम मला भेटायला यायचा, किवळ्याला जायचा नाही. आबा माझ्याकडं यायचे, त्याचं नाव काढायचे नाहीत. मधल्या मधे मी. दोन दगडांवर पाय ठेवून माझ्या कमरेचा काटा ढिला झाला.

देशातल्या सगळ्या बड्या क्लबांचा एक कप दर वर्षी मुंबईत व्हायचा. त्या वर्षी फायनलला कलकत्त्याचेच दोन क्लब समोरासमोर आले, एकमेकांचे हाडवैरी. उद्धवराव सांगायचे, तिकडं म्हणे या दोन क्लबांवरून जुळलेल्या सोयरिकी मोडतात. ज्योतीराम लाल बनियनवाल्यांचा, समोर निळे. त्यानं डेपोतल्या एका हवालदाराच्या हाती मैदानाचा पास धाडला आणि तोंडी निरोप दिला. "इंदे, आबांना येवढ्या बारीला पाठव. समोर बसून बघू दे आन् एकदा शाब्बास म्हणू दे. म्हणाले तर मी घरी येतो. न्हाईतर तिकडंच नोकरी देत्यात, मी कायमचा तिकडचा झालो असं समज."

मी पास घेतला आणि तडक किवळ्याला गेले. आबा ओट्यावर बसले होते. "लाथा बघाया मी मम्हईला जाऊ व्हय?" म्हणाले.

"नका जाऊ," मी म्हटलं. "लोक म्हणतील, वस्ताद भ्याले. पोरगं आपल्यापेक्षा मोठ्या आखाड्यात उतरलंय ते बघवंना त्यांना."

"कोण म्हनतंय?"

"मी म्हणते! माझ्यापासनंच सुरुवात!"

आबांनी माझ्याकडं डोळे वटारले. मग उठले आणि पेटीतून नवा फेटा काढला.

सामन्याच्या संध्याकाळी उद्धवराव स्टेशनाजवळच्या हॉटेलात रेडिओपाशी जाऊन बसले. बायकांनी तिथं जायची सोय नव्हती, म्हणून मी दारात उभी राहून नखं खात होते. हे धावतच आले. "इंदू! पेढे काढ पेढे! जादा वेळात ज्योतीरामनं गोल मारला! कप लाल्यांना!" पेढे कुठले आमच्या घरात, साखरच वाटली शेजारीपाजारी. ज्यांना फुटबॉल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं त्यांच्याही तळहातावर ठेवली. आता बाप-लेक मिठ्या मारत असतील, दोघं मिळूनच येतील, असं म्हणत सकाळी उठून मी पुरण घातलं.

सकाळच्या गाडीनं आबा आले. एकटे.

"ज्योती कुठाय?"

"येईल मागनं. रीतच हाय ती," आबा म्हणाले, आणि फेटा काढून खुंटीला अडकवला. चेहरा असा फुललेला मी जन्मात पाहिला नव्हता. "बरोबरीत सुटली, इंदे. पर काय खेळलं गं पोरगं! कलकत्त्याच्या धा-धा गड्यांस्नी झुलवलं त्यानं."

मला वाटलं, थट्टा करतायत. "आबा, अहो बरोबरीत कुठली? ज्योतीनं गोल मारला!"

"कवा?"

"काल! जादा वेळात!"

"कसला जादा वेळ?"

उद्धवराव कामावर निघाले होते, ते दारातून परत फिरले. मग थोडं थोडं करून सगळं बाहेर आलं. आबा कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ पुढच्या बाकावर बसले होते. मैदानात उतरताना ज्योतीरामनं त्यांना बघितलं आणि लांबून हात वर केला. दोन्ही डावांत गोल झाला नाही. मग शिट्टी झाली. गडी गवतावर बसले आणि लिंबं चोखायला लागले. दोन्हीकडचे कप्तान मधे पंचांजवळ गेले, पंचानं काहीतरी केलं, दोघांनी हात मिळवले. बास! आबांनी ओळखलं, पंचांनी जोड सोडवली. तो नाणेफेकीचा मामला होता हे त्यांना कोण सांगणार? लोक उठेनात, तर आबांना वाटलं, पुढची जोड लागायची असेल. आपल्या पैलवानाची कुस्ती बरोबरीत सुटली, वस्तादानं गुमान घरी जायचं, ही रीत. आबा उठले आणि चालायला लागले. बोरीबंदरच्या फलाटावर पडून राहिले आणि पहिली गाडी धरली.

"अहो आबा," हे म्हणाले, "फायनलला निकाल लावावाच लागतो. गोल नाही झाला तर पुन्हा खेळवतात."

"सुटल्याली जोड पुन्यांदा लावत्यात? ही कुठली रीत?"

"फुटबॉलची."

मी वाढलेलं ताट आबांच्या पुढं होतं. पोळीचा घास हातात तसाच राहिला. एवढा मोठा माणूस, पण माझ्या त्या खोलीत कोपऱ्यात अंग चोरून बसला. कपाळ माझं! जन्मभर एकदा पोराचा खेळ बघायला गेले आणि नेमका तोच घास पानात टाकून उठून आले.

"येईल की पोरगं घरी," शेवटी म्हणाले. "उंबऱ्यात बसतो म्या."

बसले. आठवडाभर बसले. ज्योतीराम आला नाही. मग तो हवालदार आला आणि त्यानं तिकडची बाजू सांगितली. गोल झाला, कप मिळाला, सवंगड्यांनी ज्योतीरामला खांद्यावर घेतला, तर हा त्यांच्यातून निसटून कोपऱ्यातल्या झेंड्याकडं पळत सुटला, बापाच्या पायावर डोकं ठेवायला. बाक मोकळा. शेजारचा एक जण म्हणाला, "वो बूढ़ा? वो तो तुम्हारे फाउल के बाद चला गया." दुसऱ्या डावात ज्योतीरामच्या पायात पाय अडकून निळ्यांचा एक गडी आपटला होता, पंचांनी दम दिला होता, लोकांनी शिव्या घातल्या होत्या. ज्योतीरामला तालमीचा कायदा पाठ. पैलवानानं खोटेपणा केला की वस्ताद मधेच उठून जातो. त्यानं कप तसाच दुसऱ्याच्या हातात दिला आणि कपडे बदलायला गेला. कलकत्त्याची नोकरी त्यानं धरली म्हणे.

मी हे आबांना सांगितलं तेव्हा ते ताडकन उभे राहिले. "फाउल? कसला फाउल? कुस्तीतला पट काढला हुता त्यानं! असा झकास पट काढला, गडी वरच्या वर गेला! म्या तर फेटा उडवनार हुतो!"

"मग कळवा की त्याला!"

"काय कळवू? रंगराव वस्तादाला कुस्ती कवा संपली ते कळंना, म्हणून कळवू?"

"व्हय! तसंच कळवा!"

नाही. मरतील पण कळवणार नाहीत. वर उद्धवरावांना शपथ घातली, यातलं अक्षर ज्योतीला कळता कामा नये. आणि आमचे हे शपथेला पक्के, अगदी बायकोचा जीव टांगणीला लागला तरी पक्के. त्या हवालदाराच्या हाती निरोप धाडावा म्हटलं, तर त्याची बदली झाली. मला लिहायला येत असतं तर मी कुणाच्या बापाचं ऐकलं नसतं. रात्रंदिवस तळमळत होते मी. एवढीशी गोष्ट, एका वाक्यात सुटण्यासारखी, आणि तोंड उघडायला कुणी तयार नाही. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, तशातली ही जात.

आणि मजा बघा, मधल्या काळात आबा संध्याकाळी डेपोच्या तारेपाशी जाऊन उभे राहायला लागले. विचारलं तर म्हणायचे, "बांध बघाया गेलतो." ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं! बांध तर गेल्या पावसात फुटून वाहून गेला होता.

तेवढ्यात मला मुलगा झाला. मग मी पण माझा हट्ट काढला. जावळ काढायचं तर बाळाला मामाच्या मांडीवर बसवावं लागतं. मामा आल्याशिवाय केसाला कातर लावू देणार नाही, असं मी सांगून टाकलं. उन्हाळा आला. पोराचं डोकं घामानं चिकचिकलं, ते रात्र रात्र रडायचं. सासूबाई म्हणाल्या, दुसरा कुणी मानलेला मामा बघू. मी म्हटलं, बघा तर खरं! शेवटी उद्धवरावांनी हात टेकले आणि ज्योतीरामला बोलावणं धाडलं, फक्त जावळाचं, शपथ पाळून.

तो आला. वाळला होता. आबांकडं त्यानं बघितलं नाही, सरळ पाटावर बसला आणि भाच्याला मांडीवर घेतलं. आबा भिंतीला टेकून बसलेले. न्हावी वस्तरा पाजळत होता. खोलीत पाहुणे, पण कुणी बोलेना. मला ते सहन झालं नाही. शपथ यांना घातली होती, मला नव्हती!

"ज्योत्या," मी म्हटलं, "आबा फाउल बघून गेले नव्हते. ह्यांना वाटलं कुस्ती बरोबरीत सुटली. पंचानं कप्तानांचे हात मिळवले ना, म्हणून उठून घरी आले. आठवडाभर उंबऱ्यात बसले होते तुझी वाट बघत. विचार आता त्यांना!"

ज्योतीरामनं हळूच मान वळवली. "आबा, खरं?"

आबांची मान खाली. "व्हय. मला वाटलं सुटली."

"आन् त्यो फाउल?"

"पट हुता त्यो. लई झकास."

ज्योतीराम हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, मांडीवरच्या पोरानं घाबरून भोकाड पसरलं, मीही पदर डोळ्याला लावला. "मग आबा," तो म्हणाला, "म्हना की आता. एकदा शाब्बास म्हना."

न्हाव्याचा हात थांबला. सगळी खोली आबांकडं बघायला लागली. आबा भिंतीपासून पुढं सरकले. मला वाटलं, झालं, आता निघतो शब्द.

"गोल म्या बघितला न्हाई," आबा म्हणाले. "न बघितल्या कुस्तीला शाब्बास कसं म्हनू? खोटं व्हईल त्ये."

हातातलं ताट मी असं आदळलं की अक्षता चुलीपर्यंत उडाल्या. "आबा! जिभंला काय काटा टोचतोय व्हय तुमच्या? सगळा हिंदुस्थान म्हणाला, तुमचंच तेवढं अडलंय?"

"ऱ्हाऊ दे, इंदे," ज्योतीराम म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, हीच खरी पंचाईत. मला एकटीलाच राग आलेला. "बरोबर हाय त्यांचं. आबा, पुन्यांदा फायनल गाठतो म्या. तुमी फकस्त शेवटपत्तूर बसा."

"बसतो," आबा म्हणाले.

पुढं वर्ष गेलं, त्याच्या पुढचंही गेलं. मग एकदाचा त्याचा क्लब फायनलला आला, आणि समोर पुन्हा तेच निळे. या खेपेला पास आले तेव्हा मी कुणाला विचारलं नाही. बाळाला सासूबाईंकडं टाकलं आणि आबा, उद्धवराव आणि मी, तिघं मुंबईला गेलो. आबांवर माझा भरवसा नव्हता. उठायला लागले तर धोतर धरून खाली बसवायचं असं मी ठरवूनच गेले होते.

गडी मैदानात उतरले. आबा एकेक चेहरा बघत होते. मीही बघत होते. लाल बनियनांत ज्योतीराम कुठंच दिसेना. मग उद्धवरावांनी बोट दाखवलं. रेघेबाहेर, लांब पँट घालून, तो बाकावर बसला होता. त्याच्या गुडघ्याला पट्टी होती. पोरानं आम्हाला काही कळवलं नव्हतं. बापाचाच मुलगा! स्वतःचं दुखणं सांगायचं म्हणजे यांना मरण येतं.

"आबा, चला, जाऊ या," मी म्हटलं. माझा सगळा धीर सुटला होता.

"न्हाई. बसतो म्हनलोय."

आबा बसले. लाल्यांनी पहिल्याच डावात दोन गोल घातले, निळ्यांचा एकही झाला नाही. शिट्टी झाली, कप दिला, भाषणं झाली, फटाके उडाले. लोक पांगले. माळी आला आणि जाळ्या सोडायला लागला. आबा जागचे हलले नाहीत.

"आता संपली न्हवं?" त्यांनी मला विचारलं.

"संपली, आबा."

मैदानाच्या मधून ज्योतीराम लंगडत येत होता. आबा उठून त्याच्यापर्यंत गेले. "ह्या बारीला उठलो न्हाई बघ," ते म्हणाले. "शेवटपत्तूर बसलो."

"म्या आज खेळलोच न्हाई, आबा," ज्योतीराम म्हणाला. "गुडघा ग्येला. डाक्टर म्हनला, आता खेळायचं न्हाई. कवाच न्हाई."

आबांनी त्याला खाली बसवलं. स्वतः समोर गवतावर बसले, त्याचा पाय मांडीवर घेतला आणि तालमीत पैलवानाचा पाय चोळतात तसा चोळायला लागले. तो "दुखतंय" म्हणेना आणि हे थांबेनात.

"म्हणा की हो आबा!" मी अक्षरशः ओरडले. "आता तरी म्हणा!"

आबांनी वर बघितलं नाही. पाय चोळतच राहिले.

"त्याचा गोल बघायचा ऱ्हायला गं माजा, इंदे," ते म्हणाले.